खाडीत शिरलेल्या म्हशी

मंगळवार पेठेतल्या त्या दुमजली घरात खाली इरावती आणि तिचा नवरा नृसिंह राहायचे, वर धाकटा दीर विश्वजित. जिना बाहेरून होता, एवढं एक बरं होतं. कारण उन्हाळ्यापासून खालच्या आणि वरच्या मजल्याचं युद्ध पेटलं होतं. लुटुपुटीचं म्हणावं तर जहाजं बुडत होती, शिडं जळत होती, माणसं कापली जात होती. फक्त ते सगळं फोनवर होतं.

खेळाचं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. खेळणारे त्याला नुसतं 'दर्या' म्हणायचे. जुन्या काळचा समुद्र, तोफा अजून आलेल्या नाहीत. वल्ही, शीड, धनुष्यबाण आणि समोरच्या जहाजाच्या कुशीत खुपसायची लोखंडी सोंड, एवढ्यावर लढायचं. ज्याच्या हाती आरमार तो सरखेल, आणि सरखेलाकडे शिक्का. शिक्का असेल त्याचंच जहाजं ऐकणार. सरखेलाला उठायचं असेल तर त्यानं तो दुसऱ्याच्या हवाली करावा, नाहीतर तेवढा वेळ सगळं आरमार मुकाट उभं.

आता कोल्हापूरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध म्हणजे शाळेची सहल. जहाजांची इंग्रजी नावं कुणाच्या तोंडात बसेनात, तेव्हा मंडळींनी आपली नावं पाडली. लाकडी मनोरे चढवलेली, शेकड्यानं सैनिक वाहणारी अवाढव्य जहाजं, त्या म्हशी. हलकी, वल्ह्यांची, चटकन वळणारी, ती खोंडं. आणि डांबर भरून, पेटवून शत्रूवर सोडायच्या चिमुकल्या होड्या, त्या लवंगी, मिरचीवरून.

या आरमाराची सरखेल इरावती होती. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. शाळेत भूगोल शिकवायची, तिथंही मागच्या बाकावर आवाज पोचत नाही अशी तक्रार असायची. पण खेळात तिच्या त्या हळू बोलण्याचाच धाक होता. ती बोलायला लागली की ऐकू यावं म्हणून सगळ्यांना गप्प बसावं लागायचं, आणि एकदा गप्प बसलेली माणसं हुकूमही पाळतात.

तिचा एकच नेम होता. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात घेतलेला. तिन्हीसांजेला अंगणातल्या तुळशीपुढं दिवा लावायचा, स्तोत्र म्हणायचं, आणि ते संपेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, कशाला शिवायचं नाही. ताप असो, पाहुणे असोत, पुराचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलेलं असो, हा नेम चुकला नव्हता. त्याचा तिला अभिमान होता. अभिमान धरू नये हे तिला कळत होतं, तरी होता.

त्या वेळेपुरता शिक्का ती विश्वजितकडे द्यायची. घरचाच माणूस. खेळ तिला त्यानंच शिकवला होता.

आणि मे महिन्यातल्या एका संध्याकाळी स्तोत्र संपवून तिनं फोन उचलला, तर बंदर निम्मं रिकामं. म्हशी झाडून सगळ्या गेलेल्या. उरली होती खोंडं आणि थोड्या लवंगी. गटात विश्वजितचा निरोप होता, 'वैनी, देवाचं झालं का? आम्ही निघालो.' मित्रांनी त्याला वर्षभर छळलं होतं म्हणे, वैनीच्या पदराखालचं आरमार म्हणून. त्यानं शिक्क्याच्या जोरावर म्हशी नेल्या, शिक्का मागं टाकला, वेगळं आरमार काढलं आणि स्वतः सरखेल झाला.

त्या रात्री तो नेहमीसारखा खाली जेवायला आला. पाट ओढून बसला आणि म्हणाला, "वैनी, आमटी वाढा की."

इरावतीनं आमटी वाढली. वाटी भरून वाढली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी अतिशय अदबीनं बोलत होते. "भावजी, मीठ हवंय का?" "नको वैनी, तुमच्या हातचं खारटच असतंय." नृसिंह दोघांच्या मध्ये बसून जेवायचा आणि म्हणायचा, "तुमच्या समुद्राचं पाणी माझ्या ताटात सांडू नका म्हणजे झालं."

पावसाळाभर चकमकी झाल्या. मोकळ्या पाण्यात म्हशींपुढं खोंडांचं काही चालत नव्हतं. विश्वजित म्हशी अगदी खेटून न्यायचा आणि खोंडांची एका बाजूची सगळी वल्ही काडीसारखी मोडून टाकायचा. मग वरून बाण. श्रावण सरता सरता त्यानं सगळ्यांदेखत गटात लिहिलं, 'एकदाच काय ते होऊ दे. रविवारी. बंदर पडलं तर तुम्ही हरला, माझं निम्मं आरमार बुडालं तर मी. हरंल त्यानं दर्या सोडायचा. खातं पुसायचं, परत तोंड दाखवायचं न्हाय.'

आणि खाली, 'न्हायतरी वैनी, तुम्ही दिवा लावा. आरमार आम्ही बघतो.'

इरावतीनं एक शब्द लिहिला. 'मंजूर.'

तो शब्द पाठवला आणि मग आपण काय मंजूर केलं ते तिच्या लक्षात आलं. शाळेत तिचं कुणी ऐकत नव्हतं, घरात तिचं ऐकायला कुणी थांबत नव्हतं. जिथं माणसं तिच्यासाठी गप्प बसायची अशी जगात एकच जागा होती, आणि ती तिनं डावावर लावली होती.

शनिवारी दुपारी तिनं दोघांना फोनवर एकत्र घेतलं. एक हुपरीची स्नेहल. घरीच पैंजणांचं काम चालायचं तिचं, त्यामुळं तिच्या बोलण्यामागं सतत हातोडीची टिकटिक असायची. दुसरा राधानगरीकडचा केरबा, दुधाच्या धंद्यातला. म्हशींना म्हशी हे नाव त्यानंच दिलं होतं.

"ताई, उघड्यावर आपण टिकत न्हाय," स्नेहल म्हणाली. "मी तर म्हणते, साखळी ओढून आतच बसूया."

बंदराच्या तोंडाला, पाण्याखाली, आरपार साखळी होती. वर ओढली की जहाज आत येऊ शकत नसे, आणि आतलं बाहेर जाऊ शकत नसे.

"साखळी ओढायची," इरावती म्हणाली. "पण ते आत आल्यावर."

हातोडी थांबली. "आत?"

"आपली खाडी अरुंद आहे. ओहोटीला मधला पट्टा तेवढा खोल राहतो, दोन्ही कडांना गाळ. वारा समुद्राकडून आत. म्हशी शिडावर झोकात आत येतील. बाहेर पडायचं म्हटलं तर वाऱ्याच्या तोंडावर वल्ही मारत जायला पाहिजे, आणि म्हशींना वल्ही कितीशी?"

केरबा खदाखदा हसला. "वैनी, म्हस एकदा पाण्यात बसली की मालकाच्या बापाला उठत न्हाय. रोज बघतोय की आमी."

"बसल्या की मागून साखळी. मग दोन्ही कडांनी लवंगी सोडायच्या. लवंगींना पाणी किती लागतं? गुडघाभर."

"ते समदं खरं," स्नेहल म्हणाली, "पर ती आत येतीलच कशाला? काय खुळी हायत व्हय?"

"साखळी पडलेली, सरखेल जागेवर नाही, शिक्का कुणाकडे दिलेला नाही. एवढं वाटलं तर येतील. शिक्का कुणाकडे आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि मे महिन्यापासून मी शिक्का कुणाच्या हातात दिला नाही हे भावजींना माहीत आहे."

मग स्नेहल सावकाश म्हणाली, "म्हंजे, दिव्याच्या वक्ताला."

"तेव्हा शिक्का तुझ्याकडे असेल."

"माझ्याकडं? ताई, त्येनं तसं केल्यावर बी?"

"तू घेऊन पळशील?"

"पळून जाऊ कुठं? हुपरीत? तुम्ही एसटीनं येऊन झिंज्या धराल की माझ्या."

तिघंही हसले. आणि मग केरबाला ओहोटीची वेळ आठवली. खेळातली भरती-ओहोटी आधीच ठरलेली असते, ज्याला हवी त्यानं बघावी. त्यानं बघितली होती.

"वैनी, घोळ हाय. रविवारची ओहोटी ऊन असतानाच हाय. दिवेलागणीला पाणी परत चढतंय. मग म्हशी कशा बसणार? तरंगत्याल आन् जात्याल."

इरावतीनं स्वतः वेळ उघडून बघितली. तो म्हणत होता तसंच होतं.

"मग दिवा वाईच लौकर लावा की," केरबा म्हणाला. "देव काय घड्याळ घालून बसलाय?"

"उद्या बघू," इरावती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी दुपारी विश्वजितचं आरमार खाडीबाहेर येऊन उभं राहिलं. बाणाच्या टप्प्याबाहेर, निवांत. जेवण झाल्यावर त्यानं सगळ्यांना दिसेल असं लिहायला सुरुवात केली. 'सरखेलबाई, हळदीकुंकू आटपलं का?' 'खोंडांना वैरण घातली का?' 'पणतीत तेल हाय ना, की आम्ही आणून देऊ?' त्याच्या माणसांनी खाली हसण्याच्या रांगा लावल्या. इरावतीनं एकालाही उत्तर दिलं नाही. तिनं जुनी, किडकी जहाजं खाडीच्या आतल्या टोकाला रांगेनं बांधली, चांगली खोंडं आणि लवंगी दोन्हीकडच्या खडकांआड लपवली आणि साखळी पाडून ठेवली.

मधूनमधून जिन्यावर पावलं वाजत होती. विश्वजित बनियनवर अर्ध्या जिन्यापर्यंत यायचा, तुळशीकडं बघायचा आणि परत वर जायचा. असं तीनचारदा झालं. खाली दारात बसून गहू निवडणाऱ्या इरावतीनं प्रत्येक वेळी मान वर केली. "काही हवंय का, भावजी?"

"काय न्हाय वैनी. हवा खातोय."

खेळातलं पाणी उतरायला लागलं. खाडीच्या कडांना तपकिरी पट्टे दिसू लागले, ते रुंदावत गेले. इरावतीनं अंगणात बघितलं. ऊन समोरच्या घराच्या गच्चीवरून सरळ तुळशीवर पडलेलं होतं. तुळशीची सावली भिंतीवर चढली होती. दिवेलागणीला अजून बराच अवकाश होता.

पाणी आता यापेक्षा खाली जाणार नव्हतं. ती उठली. हातपाय धुतले. पदर डोक्यावरून घेतला. शिक्का स्नेहलकडे दिला, फोन तुळशीच्या कट्ट्यावर पालथा ठेवला. पणतीत तेल घातलं, वात लावली. उन्हात ज्योत दिसतच नव्हती. वातीच्या टोकाशी हवा तेवढी थरथरत होती. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि स्तोत्र म्हणायला सुरुवात केली.

जिन्यावर पावलं आली. थबकली.

या घरात संध्याकाळ कधी झाली हे सूर्याला विचारायची कुणाला सवय नव्हती. तुळशीपुढं इरावती पदर घेऊन बसली की नृसिंह पुस्तक मिटायचा, विश्वजित गाडीची किल्ली शोधायचा, शेजारचे लोक गॅस पेटवायचे. वर्षानुवर्षं या अंगणात दिवा लागणं म्हणजेच तिन्हीसांज. विश्वजितनं पदर पाहिला, जोडलेले हात पाहिले, पालथा फोन पाहिला. दिवेलागणीला पाणी चढलेलं असतं हे त्यानं आधीच बघून ठेवलं होतं; वर आभाळाकडं बघायचं त्याला काही कारणच नव्हतं. तो दोन-दोन पायऱ्या घेत वर पळाला.

आणि वरच्या खिडकीतून त्याचा आवाज आला. आवाज हळू ठेवणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"वैनी बसली दिव्याला! हाला! हाला सगळी!"

इरावतीचे ओठ हलत होते.

"साखळी पाडल्याली हाय. बघा, म्हटलं न्हवतं? शिक्का कुणाकडं न्हाय. म्हशी आत घाला. सगळ्या! बाहेर एकबी ठेवू नका, आज मोडूनच टाकायचं!"

स्तोत्रातलं देवीच्या चरणांचं वर्णन चालू होतं. इरावतीला खाडीचं तोंड दिसत होतं. फुगलेली शिडं, एकामागून एक आत येणारे मनोरे.

"कोण बी न्हाय रे इथं. जुनी खोकी बांधून ठेवल्यात नुसती. जावा पुढं, जावा."

एक कडवं तिनं दोनदा म्हटलं. लक्षात आलं, तरी थांबता येईना.

"ए, कोण थांबलं? ... तळ लागला? कुणाची लागली? ... अरं मग मागच्यांनी थांबवा की! शीड पाडा! शीड पाडा म्हणतोय न्हवं! वारं ढकलतंय आत!"

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"वल्ही मारा उलटी. मारा! ... साखळी? साखळी कुणी वर घेतली? शिक्का तर वैनीकडं हाय आन् वैनी तर..."

खिडकीत तो आला असणार. तिला पाठीवर त्याची नजर जाणवली. तिनं मान वळवली नाही. पदर नीट करावासा वाटला, तोही केला नाही.

"वैनी तर खाली हाय!" तो जवळजवळ रडकुंडीला येऊन कुणाला तरी सांगत होता. "बसलीया की समोर! ... लवंगी! डावीकडनं लवंगी आल्या! अरं चिकटू नका एकमेकाला, सरका, सरका, त्याची पेटली की तुझी पेटतीया! उड्या मारायला लावा माणसांना!"

मग काहीतरी जोरात आपटलं. मग काहीच नाही.

इरावतीनं स्तोत्र शेवटपर्यंत म्हटलं. नमस्कार केला. फोन उलटा केला. खाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धूर होता आणि गाळात रुतलेले मनोरे मेणबत्त्यांसारखे जळत होते. स्नेहलचा निरोप होता, 'ताई, एक म्हस उरली न्हाय. शिक्का घ्या परत.' केरबानं तर ढोल-ताशांची चित्रं पाठवून पडदा भरून टाकला होता.

तिला आनंद झाला. थोडाथोडका नाही. मे महिन्यापासूनचं सगळं, त्या आमटीच्या वाटीसकट, वसूल झाल्यासारखं वाटलं.

दारातून नृसिंह डोळ्यांवर हात धरून बाहेर आला. "आज लवकर झाली का गं संध्याकाळ?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता, "चहा ठेव जमलं तर," म्हणून आत गेला.

तेवढ्यात विश्वजित जिना उतरून आला. या वेळी एकेक पायरी. तिच्यासमोर उभा राहिला आणि फोन तिला दिसेल असा धरला. खातं पुसायचं का, असं खेळ विचारत होता. त्यानं बोट टेकवलं.

"झालं. समाधान?"

"तुम्हीच घातलेली अट होती, भावजी."

"व्हय, मीच घातली. तुमच्यासारखी साधी बाई असला डाव टाकंल असं वाटलं न्हवतं. शिक्का कुणाकडं दिलता?"

"स्नेहलकडे."

"म्हंजे तुम्ही बसलासा इथं देवाचं नाव घेत आन् तिकडं..." तो फिरला. जायलाच निघाला होता. पण फिरताना त्याला स्वतःची सावली दिसली. त्याच्या पायापासून निघून ती लांबच्या लांब अंगणभर गेली होती आणि तुळशीच्या कट्ट्यावर चढली होती. सावली पडली होती तिथंच पणतीची ज्योत दिसत होती, बाकी उन्हात नाहीशी झालेली. त्यानं मागं बघितलं. गच्चीवरचा सूर्य त्याच्या डोळ्यात गेला.

तो परत तिच्याकडं वळला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"वैनी. अजून ऊन हाय की."

तिनं पणतीकडं बघितलं.

"लख्ख ऊन हाय. एवढ्या वर्षांत उन्हात लावला न्हाईसा कधी." तो जवळ आला आणि आवाज खाली आणून, जवळजवळ तिच्यासारखा हळू, म्हणाला, "हा दिवा कुणाला लावलासा?"

इरावतीपाशी उत्तरं होती. कुठं बाहेर जायचं होतं म्हणता आलं असतं. तिथी, मुहूर्त, काहीही. त्याला तिथीतलं काय कळत होतं? पण उत्तरं ओठांवर येईनात. नुकतंच त्याच ओठांनी स्तोत्र म्हटलं होतं, आणि ते कसं म्हटलं होतं हे तिलाच ठाऊक होतं.

"तुम्हाला," ती म्हणाली.

"आँ?"

"तुम्हालाच लावला, भावजी. तुळशीला अजून लावायचाय."

तो हसायला गेला. हसू आलं नाही. "म्हंजे नेम मोडला तुमचा."

"मोडला."

"एका खेळापायी?"

"व्हय." घरात, शाळेत, खेळात कधी तिच्या तोंडून 'व्हय' निघालं नव्हतं. आज निघालं. "आणि परत मोडाल का म्हणून विचारू नका. मला माहीत नाही."

विश्वजितला वाटलं होतं ती नाही म्हणेल, मग तो सगळ्या गल्लीला ओरडून सांगेल. आता ओरडायला काही राहिलंच नाही. त्यानं दात खाल्ले. "देवालासुदीक लढाईला जुंपलंसा. माझ्यापेक्षा वंगाळ हाईसा तुम्ही. मी निदान तुमच्याकडनंच चोरलं."

हे तिला लागलं. लागलं ते लपवायचाही तिनं प्रयत्न केला नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता सरा बाजूला. तुमची सावली पडतेय."

ती कट्ट्याला टेकून बसली आणि वाट बघायला लागली. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. स्नेहल असणार, शिक्का परत द्यायला. इरावतीनं तो उचलला नाही. विश्वजित का कोण जाणे, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिला. ऊन कट्ट्यावरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून गच्चीच्या कठड्यावर, आणि मग आभाळ राखेच्या रंगाचं झालं. पहिली पणती आता स्वच्छ दिसत होती. ती तिनं तशीच जळू दिली, बाजूला सरकवून ठेवली. आतून दुसरी आणली, पळी-ताम्हनही आणलं. तळहातावर पळीभर पाणी घेतलं.

"आजपासून," ती पुटपुटली, आणि पाणी सोडलं. गेली सगळी वर्षं त्या पाण्याबरोबर ताम्हनात गेली.

विश्वजित उठला. धाडधाड पायऱ्या चढून गेला आणि वर दार आपटलं.

तिनं वात लावली, हात जोडले, डोळे मिटले आणि स्तोत्र पहिल्या ओळीपासून सुरू केलं. वरच्या खिडकीतून आता काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. तरी तिचे कान तिकडंच लागले होते.